तेवीस जुलैला एवढी गर्दी का?

जुलैचा चौथा आठवडा म्हणजे हुबळी-धारवाडला जिटीजिटी पावसाचे दिवस. राजनगरच्या क्रिकेट मैदानावर तेव्हा खेळाडूंपेक्षा पाण्याचीच ये-जा जास्त. घरबसल्या वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून होतं आणि नजर ‘दिनविशेष’वर जाऊन थांबते. २३ जुलैला तिथे पहिला मान लोकमान्य टिळकांचा (जन्म १८५६), मग चंद्रशेखर आझादांचा (१९०६). टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष पुस्तकं बाजूला ठेवून शरीर कमावण्यात घातलं होतं. तेव्हा त्यांचं नाव क्रीडा विभागात टाकलं तरी फारसं बिघडणार नाही.

खऱ्याखुऱ्या क्रीडा विभागात मात्र या तारखेला जी दाटी आहे, ती पाहून माणूस चक्रावतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान ऑलिंपिकचं पदक जिंकतो, पोर्तुगालचा युसेबियो एका सामन्यात चार गोल करतो, पॅरिसच्या रस्त्यावर आठ सेकंदांनी एक शर्यत फिरते, आणि लॉर्ड्सवर भारताच्या मुली नऊ धावांनी विश्वचषक घालवतात. वर्षं वेगवेगळी, तारीख तीच. ज्योतिषाला विचारलं तर तो ग्रहमान काढून दाखवील. पण या गर्दीचा उलगडा पंचांगाशिवाय होतो. थोडं गणित, थोडं हवामान आणि स्पर्धांची वेळापत्रकं आखणाऱ्यांच्या सवयी पाहिल्या, की पुरे.

चौकट : २३ जुलै

१९५२, बुधवार : हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांना फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्य. त्याच दिवशी ब्राझीलच्या आधेमार दा सिल्वाची तिहेरी उडीत १६.२२ मीटरची विश्वविक्रमी झेप.

१९६६, शनिवार : फुटबॉल विश्वचषकाचे उपांत्यपूर्व सामने. उत्तर कोरियाविरुद्ध ०-३ असा मागे पडलेला पोर्तुगाल ५-३ ने विजयी.

१९८९, रविवार : ‘टूर द फ्रान्स’ सायकल शर्यतीत ग्रेग लेमाँडचा लॉराँ फिन्याँवर ८ सेकंदांनी विजय.

१९९६, मंगळवार : अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रगची दुखावलेल्या घोट्यानिशी उडी. अमेरिकेच्या महिला जिम्नॅस्टिक संघाला पहिलं सुवर्ण.

२०००, रविवार : टायगर वूड्सला ‘ओपन’ गोल्फ स्पर्धेचं विजेतेपद. चोविसाव्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा नावावर.

२०१७, रविवार : महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा भारतावर ९ धावांनी विजय.

२०२२, शनिवार : अमेरिकेत यूजीनच्या जागतिक मैदानी स्पर्धेत नीरज चोप्राला भालाफेकीत रौप्य.

मैदानावरची तेवीस माणसं

आधी गणित उरकून घेऊ. फुटबॉलच्या मैदानावर दोन संघांचे २२ खेळाडू आणि १ मुख्य पंच अशी २३ माणसं असतात. यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती? वर्षाचे ३६५ दिवस आणि माणसं फक्त तेवीस, म्हणजे नगण्यच, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात ही शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे.

कारण इथे माणसं मोजायची नसून जोड्या मोजायच्या आहेत. तेविसांपैकी प्रत्येकाची उरलेल्या बाविसांशी जोडी लागते आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते. म्हणून २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २५३ जोड्या. एका जोडीचा वाढदिवस जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये एकच असली, तरी अशा संधी २५३ वेळा मिळतात.

क्रीडा इतिहासात तर तेवीसच घटना नाहीत. एकट्या २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३२९ सुवर्णपदकांचे निकाल लागले, आणि तेही तीन आठवड्यांच्या आत. वर्षात तारखा मात्र फार तर ३६६. समजा, एखाद्या चिकाट माणसाने शंभरेक वर्षांतले ३,६६० नोंद घेण्याजोगे प्रसंग निवडले. सरासरी एका तारखेला दहा. पण हे प्रसंग डोळे मिटून तारखांवर टाकले तरी प्रत्येकीला नेमके दहा येत नाहीत. काही तारखांच्या वाट्याला जेमतेम तीन येतात, तर काहींच्या पदरात एकोणीस-वीस पडतात. समान वाटणी झाली असती, तरच संशय घ्यायला जागा होती.

तरी २३ जुलैची गर्दी निव्वळ योगायोगाने होईल त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे प्रसंग डोळे मिटून पडत नाहीत, कुणीतरी ते ठरावीक दिवसांवर नेऊन ठेवतं.

खेळांची लग्नसराई

आपल्याकडे मे महिन्यात कार्यालय मिळत नाही, बँडवाला एका संध्याकाळी तीन वराती करतो आणि आचारी फोन उचलत नाही. भाद्रपदाच्या पितृपक्षात तेच कार्यालय ओस पडलेलं असतं. लग्नं वर्षभर सारखी पसरत नाहीत. मुलांच्या सुट्ट्या, शेतीची कामं, पाऊस आणि मुहूर्त मिळून त्यांना काही आठवड्यांत कोंबतात. खेळांच्या मोठ्या स्पर्धांचंही तसंच आहे. त्यांचा मुहूर्त प्रामुख्याने युरोपने काढलेला आहे आणि तो उन्हाळ्याचा आहे. तिकडे जुलैत लख्ख ऊन असतं, रात्री नऊपर्यंत उजेड राहतो आणि लोक सुट्टीवर असतात.

म्हणून हेलसिंकीची ऑलिंपिक १९ जुलैला सुरू झाली, अटलांटाचीही १९ जुलैलाच. १९६६ चा फुटबॉल विश्वचषक ११ ते ३० जुलै. यजमान बदलला की मुहूर्त हलतो. मेलबर्नमध्ये ऋतू उलटे, म्हणून १९५६ ची ऑलिंपिक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झाली आणि भारताच्या हॉकी सुवर्णाची तारीख ६ डिसेंबर पडली. टोकियो (१९६४) आणि मेक्सिको (१९६८) यांनी ऑक्टोबर धरला.

आणि हुबळीची तारीख? ती हिवाळ्याच्या शेवटाला येते. भारतातलं क्रिकेट पाऊस सरल्यावर सुरू होतं आणि उन्हाचा कडाका वाढण्याआधी रणजी करंडक आटोपतो. म्हणूनच जम्मू-काश्मीरने कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर आपला पहिलावहिला रणजी करंडक राजनगरच्या मैदानावर उचलला, तो दिवस २८ फेब्रुवारी २०२६ होता. यजमानांना तो गोड लागला नसेल, पण हुबळीच्या मैदानाला कायमची तारीख मिळाली. जुलैत हा सामना ठेवला असता तर पाचही दिवस मैदान झाकण्या-उघडण्यातच गेले असते.

रविवार फिरून येतो

चौकटीतले वार पुन्हा पाहिले तर एक गोष्ट खटकते. १९८९, २०००, २०१७ : तिन्ही रविवार.

वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. त्यामुळे कुठलीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन वार. २८ वर्षांत असे २८ आणि लीप वर्षांचे ७ मिळून ३५ वार होतात. ३५ म्हणजे बरोबर पाच आठवडे, म्हणून २८ वर्षांनी कॅलेंडर जसंच्या तसं परत येतं. १९८९ चं जपून ठेवलेलं कॅलेंडर २०१७ मध्ये भिंतीवर टांगता आलं असतं, फक्त सणवार चुकले असते.

आता ‘टूर द फ्रान्स’ आणि ‘ओपन’ गोल्फ या दोन्ही जुन्या स्पर्धा जुलैतल्या रविवारी संपवायचा रिवाज आहे. सायकल शर्यतीचा शेवटचा टप्पा रविवारी, गोल्फची शेवटची फेरीही रविवारी, कारण बघ्यांना सुट्टी असते. अलीकडच्या काही दशकांतले २३ जुलैचे रविवार काढले तर १९८९, १९९५, २०००, २००६, २०१७ आणि २०२३ ही वर्षं येतात. या सहाही रविवारी ‘टूर’ही संपली आणि ‘ओपन’ही. एका तारखेच्या खात्यावर बारा विजेते, आणि नशिबाचा वाटा शून्य! आयोजकांनी वेळापत्रक छापलं तेव्हाच त्या नोंदींची जागा राखून ठेवली गेली होती. कोण जिंकणार, एवढंच भरायचं बाकी होतं.

पण कुणी कसं जिंकावं हे वेळापत्रकात नसतं. १९८९ च्या त्या रविवारी सकाळी लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता आणि उरले होते व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे २४.५ किलोमीटर. तीन हजारांवर किलोमीटर सायकल मारल्यानंतर निकाल लागला तो आठ सेकंदांनी. एवढ्या वेळात चपलेचा बंदही नीट लागत नाही. लेमाँडने सायकलच्या हँडलला पुढे दांड्या जोडून घेतल्या होत्या. त्यांवर कोपर टेकून तो पुढे झुकला की वाऱ्याला अंग कमी मिळायचं. फिन्याँ साध्या हँडलवर, डोक्यावर काही न घालता, केसांचं शेपूट उडवत आला.

अठ्ठावीस वर्षांनंतरचा रविवार आपल्या जास्त जवळचा. लॉर्ड्स तुडुंब भरलेलं. इंग्लंडच्या २२८ धावा. भारताची सलामीवीर सांगलीची स्मृती मानधना शून्यावर गेली, पण मुंबईची पूनम राऊत खेळपट्टीवर ठाण मांडून बसली. हरमनप्रीत कौरच्या ५१ धावा झाल्या. ३ बाद १९१ असा फलक होता : ३८ धावा हव्या आणि सात गडी हातात. पूनम ८६ धावांवर पायचीत झाली आणि तिथून सात गडी २८ धावांत गेले. अन्या श्रबसोलने सहा बळी घेतले. तिने शेवटी त्रिफळा उडवला तो राजेश्वरी गायकवाडचा. राजेश्वरी उत्तर कर्नाटकातल्याच विजापूरची. आठच दिवसांपूर्वी, १५ जुलैला, न्यूझीलंडचे पाच गडी अवघ्या १५ धावांत टिपून तिनेच भारताला उपांत्य फेरीत पोचवलं होतं. दिनविशेषात २३ जुलै येतो, १५ जुलै सहसा येत नाही. अंतिम सामन्यातल्या हरण्यालाही आधीच्या सामन्यातल्या जिंकण्यापेक्षा मोठा टाइप मिळतो, ही या सदराची जुनी खोड आहे.

हेलसिंकीचा बुधवार

खाशाबा जाधवांचं पदक मात्र बुधवारचं. १९५२ साली गोळेश्वर आणि धारवाड ही दोन्ही गावं एकाच मुंबई राज्यात होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला होता. हेलसिंकीला जायचं तर पैसे हवे होते. सरकारी मदतीचं दार उघडेना, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली.

मातीत तयार झालेल्या पैलवानाला तिथे मॅटवर उतरायचं होतं. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. त्यामुळे अंगावर झेप घ्यायची वेळ आणि पवित्रा दोन्ही बदलावे लागतात. ‘ढाक’ हा खाशाबांचा हुकमी डाव : प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कवळा घालायचा, कंबरेचा टेकू द्यायचा आणि त्याला फिरवून खाली आणायचं. त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या इशीईशी लांबलेली झुंज झाली आणि ती हातची गेली. लगेचच सोव्हिएत मल्ल ममेदबेकोवशी लढायला बोलावणं आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमात होती, पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. इशीईला सुवर्ण, ममेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडावं लागलं, ते लिअँडर पेसचं.

दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, हेलसिंकीत भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात हॉलंडला ६-१ ने हरवलं आणि त्यांतले पाच गोल एकट्या बलबीरसिंगचे होते. देशाचे डोळे तिकडे लागले. खाशाबांसाठी गावाकडे शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण देशपातळीवर त्यांची तारीख कितीतरी वर्षं कोरीच राहिली. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या संकुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. आज मराठी दिनविशेषात २३ जुलै १९५२ ची ओळ सहज दिसते, पण ती बरीच उशिरा लिहिली गेलेली आहे.

यादीत ओळी मागाहून चढतात, तशाच खोडल्याही जातात. २३ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये ‘टूर’ जिंकलेला लान्स आर्मस्ट्राँग आणि २००६ च्या त्याच तारखेचा विजेता फ्लॉइड लँडिस, दोघांचीही विजेतेपदं उत्तेजक द्रव्यांच्या सेवनामुळे काढून घेण्यात आली. वर मोजलेल्या बारांपैकी दोन अशी गळतात.

काही ओळी मात्र आकड्यांच्या जोरावर टिकतात. हुबळीला सरावासाठी गदगहून भल्या पहाटे रेल्वेने येणारा एक मुलगा होता, सुनील जोशी. २६ सप्टेंबर १९९९ रोजी नैरोबीत त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १० षटकं टाकली, त्यांतली ६ निर्धाव, ६ धावा आणि ५ बळी. ती स्पर्धा कुठली हे सांगायला भल्याभल्यांना डोकं खाजवावं लागतं. १०-६-६-५ हा हिशेब मात्र गदगचं पोरगंही तोंडपाठ म्हणेल.

तारीख कुणाच्या घड्याळाची?

नीरज चोप्राचा चौथा फेकलेला भाला ८८.१३ मीटरवर पडला, तेव्हा यूजीनमध्ये शनिवार, २३ जुलैची संध्याकाळ होती. धारवाडात मात्र रविवारची सकाळ झालेली होती, २४ तारखेची. अमेरिकेचा पश्चिम किनारा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतो. भारतातली यादी हे रौप्य २४ जुलैला टाकते, तिकडची २३ ला, आणि दोघीही बरोबर असतात. केरी स्ट्रगच्या उडीचंही तेच. अटलांटात संध्याकाळ होती, तेव्हा इकडे २४ तारीख लागली होती.

घड्याळ तर सोडाच, कधी कॅलेंडरच वेगळं निघतं. १८९६ मध्ये अथेन्सला पहिली आधुनिक ऑलिंपिक सुरू झाली, त्या दिवशी जगाच्या बऱ्याच भागात ६ एप्रिल होता. ग्रीसमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि त्यात २५ मार्च होता.

आपल्या भागातल्या कुस्तीला तर इंग्रजी तारीख कधी लागलीच नाही. जत्रेच्या कुस्त्या तिथीवर ठरतात आणि नागपंचमीचा फड श्रावण शुद्ध पंचमीला भरतो. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने तिथी इंग्रजी तारखांवरून मागे सरकत जाते. मग अधिक महिना येतो आणि तिला पुन्हा पुढे ढकलतो. त्यामुळे नागपंचमी एखाद्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, तर एखाद्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पडते. हलगीच्या ठेक्यावर कुणीतरी कुणाला चितपट केलं, फेटा उडाला, नारळापासून चांदीच्या गदेपर्यंत बक्षीस मिळालं, तरी ‘या तारखेला’ म्हणून ते कुठे बसवायचं? त्या हजारो कुस्त्या दिनविशेषाच्या जाळीतून निसटल्या आहेत. खाशाबा हेलसिंकीत लढत होते तेव्हा इकडे श्रावण नुकताच लागला होता आणि नागपंचमी तीन-चार दिवसांवर आली होती.

२३ जुलैची पुढची मोठी भर २०२८ साली पडेल. लॉस एंजेलिसची ऑलिंपिक १४ ते ३० जुलैला ठरली आहे आणि २३ तारखेला रविवारही आहे. तिथे त्या संध्याकाळी जे पदक मिळेल, ते हुबळीत सोमवारी सकाळी, २४ तारखेला, चहाबरोबर कळेल.